पाकिटासकट

पसरट ताटलीत कोमट पाणी घ्यायचं. पाकिटावरचं तिकीट नखाने ओरबाडायचं नाही. भोवतीचा कागद बोटभर सोडून कातरीने तुकडा कापायचा आणि चित्राची बाजू वर ठेवून तो पाण्यावर अलगद सोडायचा. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही. मग तिकिटाची एखादी कड किंचित उचलली जाते. पंधरा-वीस मिनिटांत डिंक पुरता विरघळतो आणि बोटाचा नुसता धक्का लागला तरी तिकीट कागदावरून सरकतं. चिकटलेली वस्तू न फाटता, न चुरगळता मोकळी होते, त्या क्षणाचं समाधान मोठं असतं. ज्यांनी लहानपणी हे केलं आहे, त्यांच्या बोटांना तो बुळबुळीतपणा अजून आठवत असेल.

तिकिटांना पूर्वी लावत तो डिंक बाभळीच्या जातकुळीतल्या झाडांचा असे, किंवा मग पिठुळापासून केलेली खळ. दोन्ही पाण्यात विरघळतात, आणि या छंदाचा सगळा डोलारा त्या एका गुणावर उभा आहे. सुटलेलं तिकीट स्वच्छ पाण्यात एकदा खळबळायचं, मागचा बुळबुळीतपणा गेला की टिपकागदावर पालथं घालायचं. वाळताना ते गुंडाळी होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. वाळलं की घरातल्या सगळ्यांत जाड शब्दकोशात रात्रभर दाबून ठेवलं की सकाळी सपाट. हल्ली अनेक देशांची तिकिटं स्टिकरसारखी असतात. ती पाण्याला दाद देत नाहीत, त्यांच्याभोवतीचा कागद नीट कापून तशीच ठेवलेली बरी.

पाण्याचा एक धडा मी फार नुकसान करून शिकलो. लग्नसराईत घरी पत्रिकांचा ढीग येई आणि प्रत्येक पाकिटावर तिकीट असे. एका मे महिन्यात मी सगळ्या पाकिटांचे कोपरे कापले आणि एकाच परातीत भिजत घातले, सोबत वर्षभर जमवलेली परदेशी तिकिटंही. पत्रिकांची पाकिटं लाल होती, कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती. अर्ध्या तासाने परातीतलं पाणी गुलाबी झालं होतं आणि माझं स्वित्झर्लंडही. तो रंग पुन्हा निघाला नाही. रंगीत कागदावरचं तिकीट नेहमी वेगळं, थंड पाण्यात आणि एकेकटं भिजवायचं, हे त्या दिवसापासून हातात बसलं.

परदेशी तिकिटं यायची कुठून? वाड्यात एखाद्याचा भाऊ जर्मनीत असे, कुणाची बहीण अमेरिकेत. त्यांच्याकडे पत्र आलं की पोस्टमन जिना उतरायच्या आत आम्ही दारात हजर. कुणाचे वडील बँकेत किंवा कारखान्याच्या टपाल विभागात असले की त्या मुलाचा भाव वधारे. देवाणघेवाण गच्चीवर चाले आणि तिथे जगाचा वेगळाच नकाशा तयार होई. त्या नकाशावर ‘हेल्वेटिया’ नावाचा देश होता, ‘सुओमी’ होता, ‘नॉर्गे’ होता, ‘मग्यार पोस्टा’ होता. भूगोलाच्या पुस्तकात यांतला एकही सापडत नसे. हेल्वेटिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, नॉर्गे म्हणजे नॉर्वे, मग्यार म्हणजे हंगेरी हे उलगडायला महिने लागले. त्या शोधात एक गोष्ट कायमची कळली: प्रत्येक देशाचं एक नाव आपण घेतो ते आणि एक तो स्वतःला घेतो ते. जपानची माणसं आपल्या देशाला निप्पॉन म्हणतात हे मला तिकिटानेच सांगितलं. पुढे त्याच अल्बममधले काही देश नकाशावरून पुसले गेले. चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, पूर्व जर्मनी आता फक्त पानांवर आहेत.

एका तिकिटावर मात्र देशाचं नावच नसे. नुसता राणीचा चेहरा आणि किंमत. ते ब्रिटनचं. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट ब्रिटनने १८४० च्या मे महिन्यात काढलं, काळ्या रंगाचं, एक पेनीचं. तेव्हा दुसऱ्या कुणाचं तिकीटच नव्हतं, मग नाव लिहायचं कशाला? पुढे देशोदेशींची तिकिटं आली, १८७४ साली बर्नमध्ये टपालाचा जागतिक संघ स्थापन झाला, पण ब्रिटनची ती मुभा आजतागायत चालू आहे.

त्या काळ्या तिकिटामागची कल्पना रोलंड हिल यांची. त्याआधी पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याला द्यावे लागत, आणि तेही अंतरानुसार. पत्र दारात यायचं, घेणारा उलटसुलट बघून परत पाठवायचा. पोस्टाची सगळी पायपीट फुकट. आपल्याकडे ‘नॉटपेड’ पत्र म्हणून ही गोष्ट पुढेही कित्येक वर्षं सगळ्यांच्या ओळखीची होती. हिल यांचं म्हणणं साधं होतं: पैसे पाठवणाऱ्याने आधी भरावेत, अंतर न बघता वजनावर दर एकच असावा, आणि पैसे भरल्याची खूण म्हणून कागदाचा एक छोटा तुकडा पाकिटावर चिकटवावा. तो तुकडा म्हणजे मुळात पावती. लोक तिचा संग्रह करतील हे हिल यांच्या योजनेत कुठेच नव्हतं.

आशियातलं पहिलं टपाल तिकीट तेव्हाच्या मुंबई इलाख्यात निघालं, कारण सिंध त्या इलाख्याचा भाग होता. सिंधचे आयुक्त बार्टल फ्रिअर. पुढे हेच मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच काळात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले. १ जुलै १८५२ रोजी त्यांनी अर्ध्या आण्याचं गोल तिकीट सुरू केलं. मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं व्यापारी चिन्ह आणि भोवती ‘सिंध डिस्ट्रिक्ट डाक’ ही अक्षरं. हे तिकीट छापलेलं नव्हतं, दाबून उठवलेलं होतं. एक प्रकार पांढऱ्या कागदावरचा पांढरा उठाव, उजेड कमी असला की दिसायलाच अवघड. दुसरा निळा. तिसरा लाल, पत्रं मोहरबंद करायच्या लाखेसारख्या ठिसूळ पदार्थाचा. तो हाताळताना तडकायचा, तुकडे पडायचे. उंटावरून, हरकाऱ्याच्या थैलीतून प्रवास केल्यावर त्याचं काय होत असेल याची कल्पना करता येते. म्हणूनच अखंड लाल ‘सिंध डाक’ आज अतिशय दुर्मीळ आहे. संग्राहकांच्या जगात नाजूकपणाचं मोल असं उलट्या बाजूने वाढतं: जे टिकू शकत नव्हतं आणि तरी टिकलं, ते मौल्यवान.

सगळ्या देशासाठी एकच दर आला तो १ ऑक्टोबर १८५४ पासून. पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की पेशावरला. त्यासाठीची तिकिटं कोलकात्यात कॅप्टन थुलिये यांच्या देखरेखीखाली दगडी छाप्यावर, म्हणजे शिळाप्रेसवर छापली गेली. आपल्याकडे पोथ्या छापत तीच पद्धत. अर्ध्या आण्याचं तिकीट आधी शेंदरी रंगात छापायला घेतलं होतं. विलायतेहून आलेला शेंदूर संपला आणि इथला शेंदूर छापायच्या दगडांना चालेना, म्हणून ते निळं झालं. चार आण्यांचं तिकीट दोन रंगांचं होतं: आधी लाल चौकट, मग त्याच कागदावर दुसऱ्यांदा निळा चेहरा. दोनदा छापायचं म्हटलं की चुकीला जागा आली. काही कागद दुसऱ्या वेळी उलटे लावले गेले आणि चौकट सुलटी, पण राणी व्हिक्टोरिया डोक्यावर उभी अशी तिकिटं पोस्टात विकली गेली. जगातल्या सर्वांत जुन्या छपाईचुकांमध्ये त्यांची गणना होते. त्यांतली मोजकीच आज शिल्लक आहेत आणि लिलावात त्यांच्यासाठी घरादाराएवढ्या किमती मोजल्या जातात.

तरी मला त्यांच्यापेक्षा भोरची तिकिटं जास्त जवळची वाटतात. पुण्याहून महाडच्या वाटेवरचं हे पंतसचिवांचं संस्थान. भोरने १८७९ साली स्वतःची तिकिटं काढली, अर्ध्या आण्याचं आणि एक आण्याचं. छापखाना नाही, देशी हातकागदावर लालसर शाईचा ठसा हाताने मारलेला. कागद कुठे जाड, कुठे पातळ. मागे डिंक नाही, कडांना दाते नाहीत. ठसा मारणाऱ्या हाताचा जोर कमीजास्त झाला की अक्षरं कुठे ठसठशीत, कुठे पुसट. दोन तिकिटं शेजारी ठेवली तर ती जुळी दिसत नाहीत, सख्खी भावंडं दिसतात. १९०१ साली पंतसचिव शंकरराव यांचं चित्र असलेलं तिकीट निघालं आणि लवकरच भोरचा हा उद्योग थांबला. भिंगाखाली त्या खडबडीत कागदाचे धागे दिसतात. अशा वेळी इतिहास हा शब्द फार मोठा वाटतो. समोर असतं ते एका कारकुनाचं सकाळचं काम.

गोव्याची गोष्ट निराळी. १८७१ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातच तयार करवलेली पहिली तिकिटं अशीच ओबडधोबड होती, किंमत रेईसमध्ये. पुढे तांगा आणि रुपिया आले, शेवटच्या दोन-तीन वर्षांत एस्कुदो. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ही मालिका संपली. नव्वद वर्षांत तीन प्रकारचं चलन एका छोट्या भूमीच्या तिकिटांवर येऊन गेलं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत ही तिकिटं लावलेली पाकिटं अजून निघतात आणि ती पाकिटं बघताना घरातल्यांनी काळजी घ्यायला हवी ती का, ते पुढे येईलच.

भारताची तिकिटं बरीच वर्षं लंडनला डी ला रू कंपनीत छापली जात आणि जहाजाने येत. १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि छपाई इकडे आली. ‘प्रेसमध्ये आहे’ एवढं म्हटलं की नाशिकात नोकरीचा सगळा अर्थ कळतो; पिढ्यान्पिढ्या माणसं तिथे लागली. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, साडेतीन आण्यांचं. आकाशात फडकणारा तिरंगा आणि देवनागरीत ‘जय हिंद’.

पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्यांवर देवनागरीत आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलं होतं. चित्राची छपाई इतकी सुरेख आहे की भिंगातून बघताना चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत शाई मुरल्यासारखी दिसते. ती स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापली होती. चरख्यावर देश उभा करू पाहणाऱ्या माणसाचं तिकीट परदेशी छापून यावं, ही रुखरुख अनेकांना तेव्हापासून आहे, आणि मलाही ती वाटते. २०११ साली दिल्लीच्या प्रदर्शनात गांधीजींचं तिकीट चक्क खादीवर छापलं गेलं, अडीचशे रुपयांचं. ते हातात घेतलं तेव्हा त्या रुखरुखीचं थोडं तरी निवारण झालं. १९४८ च्या दहा रुपयांच्या तिकिटांपैकी जेमतेम शंभरांवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ‘सर्व्हिस’ असा शब्द वरून छापला होता. २०१७ मध्ये अशा चार तिकिटांच्या पट्टीला पाच लाख पौंड मिळाले.

आणि मग महर्षी कर्वे. तिकिटावर चेहरा येतो तो साधारणपणे माणूस गेल्यानंतर. १८ एप्रिल १९५८ रोजी अण्णांना शंभर वर्षं पूर्ण झाली, त्या दिवशी टपाल खात्याने त्यांचं १५ नव्या पैशांचं तिकीट काढलं. हयातीत भारत सरकारच्या तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. मुरूडचा मुलगा, हिंगण्याच्या झोपडीत विधवांसाठी आश्रम काढणारा, १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ उभं करणारा, वर्गणीसाठी पायी हिंडणारा माणूस. त्यानंतर ते साडेचार वर्षं होते. त्या काळात देशातल्या कुठल्याही गावाहून त्यांना येणाऱ्या पत्रावर त्यांचाच चेहरा असू शकत होता. माझ्या अल्बममधलं कर्व्यांचं तिकीट वापरलेलं आहे, शिक्का थेट कपाळावर. मी ते कोऱ्या तिकिटाशी कधी बदललं नाही.

कारण माझं मत असं: कोरं तिकीट देखणं असतं, पण ते कुठे गेलेलं नसतं. या मताशी भांडणारे पुष्कळ आहेत आणि बाजारभाव त्यांच्या बाजूने आहे. मागचा डिंक शाबूत असलेल्या, ज्याला ‘मिंट’ म्हणतात त्या तिकिटाला जास्त पैसे मिळतात. मिळू देत. एक प्रकार मात्र टाळावा. पूर्वी स्टेशनरीच्या दुकानात पारदर्शक पिशव्यांत ‘शंभर देशांची तिकिटं’ मिळत. सुंदर, मोठी, प्राण्यांची, अंतराळयानांची, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा नेमका शिक्का. मागे बघावं तर डिंक तसाच! ही तिकिटं पत्रावर कधी लागलेलीच नव्हती. छापखान्यातच शिक्के मारून विकायला काढलेली होती. मुलाला रंगीत चित्रं मिळतात एवढा त्यांचा उपयोग खरा.

पैशांबद्दल बोलायचं तर, स्वातंत्र्यानंतरची बहुतेक तिकिटं लाखांनी, कोटींनी छापली गेली. चाळीस वर्षं जपलेला अल्बम विकायला नेणारी माणसं दुकानातून फार खिन्न होऊन बाहेर पडतात. पुंजी म्हणून हा छंद करू नये. ज्याला बघायचा नाद आहे त्याने करावा.

आणि बघण्यासारखं तिकिटात चित्राच्या पलीकडे खूप आहे. कडांचे दाते घ्या. १८५४ ची तिकिटं बिनदात्यांची होती, टपालबाबू ती कातरीने कापून देई. म्हणून त्या तिकिटांना चारही बाजूंनी पांढरी कड शिल्लक असली तर संग्राहक हरखतो. घाईच्या दिवशी कापलेल्यांची एखादी कड चित्रातच शिरलेली असते. दात्यांची घनता मोजतात ती दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात त्यावर. दिसायला तंतोतंत सारखी दोन तिकिटं, एकाला चौदा दाते आणि दुसऱ्याला तेरा, तर ती वेगवेगळ्या छपाईची.

तसाच कागदातला जलचिन्हाचा खेळ. कागद ओला असतानाच त्यात दाबलेली ही आकृती नोटेसारखी उजेडात धरून काही वेळा दिसते, काही वेळा नाही. तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवून वर पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रवाचे दोन थेंब टाकले की कागद क्षणभर पारदर्शक होतो आणि आकृती वर येते. एकोणिसाव्या शतकातल्या काही भारतीय तिकिटांत अशी हत्तीची डोकी लपलेली आहेत, त्यानंतरच्यांत तारे. माझ्या हातून पहिला हत्ती उमटला तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि मध्यरात्री घरातल्यांना उठवून दाखवला होता. हे काम मोठ्यांनीच करावं, खिडकी उघडी ठेवून, जवळ ज्योत नसताना.

आपल्या हवेत तिकिटांचा खरा शत्रू पावसाळा आहे. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये कोऱ्या तिकिटांचा डिंक हवेतली ओल पिऊन पानाला चिकटतो. कागदावर तपकिरी ठिपके पडतात, ती बुरशी. अल्बम आडवे रचू नयेत, पुस्तकांसारखे उभे ठेवावेत, म्हणजे पानांवर दाब येत नाही. कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. पाऊस उघडला की कोरड्या दिवशी एकेक पान चाळून वारा द्यावा, पण ऊन देऊ नये. उन्हाने रंग उडतात. तिकीट धरायचं ते टोकाशी चपट्या असलेल्या चिमट्याने, बोटाने नाही. सेलोटेप तर दृष्टीलाही पडू देऊ नका. तिचा पिवळा डाग कागदातून आरपार जातो आणि तो काढायचा उपाय नाही.

काय जमवावं? सगळं जग जमवायला निघालेला दोन-तीन वर्षांत दमतो. एक विषय धरावा. रेल्वे धरा, पक्षी धरा, लेणी धरा. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतच महाराष्ट्राची दोन सापडतात: तीन पैचं अजिंठा आणि नऊ पैचं घारापुरीची त्रिमूर्ती. संतांची, रंगभूमीची, स्त्री-शिक्षणाची तिकिटं धरली तरी मराठी माणसाचा एक छान अल्बम होईल. मुंबईत बोरीबंदरचं जीपीओ, १९१३ साली उभं राहिलेली, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारी जॉन बेग यांची ती इमारत, तिथे आणि पुण्याच्या जीपीओत तिकीटसंग्राहकांसाठी वेगळी खिडकी असते. दोनशे रुपये भरून खातं उघडलं की नवी तिकिटं घरपोच येतात. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श नावाची शिष्यवृत्तीही २०१७ पासून आहे, वर्षाला सहा हजार रुपयांची.

पण खिडकीवरून घरपोच येणारी तिकिटं कोरीच येतात. पत्रं लिहिणंच थांबलं, पाकिटावर आता तिकिटाऐवजी पट्ट्यापट्ट्यांचं लेबल असतं, आणि या छंदाचा झरा आटत चालला आहे. याचं मला मनापासून दुःख आहे. उपाय एकच: आपण पत्रं टाकायची. अनेक पर्यटनस्थळांच्या पोस्टात त्या जागेचं चित्र असलेला शिक्का असतो. सहलीला गेलात की कार्डावर तिकीट लावा, घरचा पत्ता लिहा आणि खिडकीवर देऊन शिक्का नीट मारून मागा. घरी पोचेपर्यंत ते कार्ड तुमच्या संग्रहातली खरीखुरी प्रवास केलेली वस्तू झालेलं असतं.

आणि आलं की ते कापू नका. या प्रकरणाची सुरुवात मी कातर आणि पाण्याने केली, पण आज एखादं मूल मला विचारतं तेव्हा मी सांगतो की जुनं पाकीट हाती आलं तर कातर बाजूला ठेव. शिक्का अर्धा तिकिटावर असतो आणि अर्धा पाकिटावर. त्यात गाव असतं, तारीख असते, कधी कधी पत्र कितव्या फेरीत निघालं तेही असतं. मागच्या बाजूला पोचल्याचा दुसरा शिक्का असतो, त्यावरून पत्राला किती दिवस लागले ते कळतं. रेल्वेच्या डब्यात छाटणी झालेल्या पत्रावर आरएमएसचा, म्हणजे रेल्वे टपालसेवेचा शिक्का असतो. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं विमानातून नेली, जगातली ती पहिली अधिकृत हवाई टपालफेरी. त्या पत्रांवरची तिकिटं साधीच होती. त्यांना महत्त्व आहे ते विमानाचं चित्र असलेल्या त्या शिक्क्यामुळे, आणि तिकीट कापून काढलं तर तो शिक्काही तुटतो. पत्त्याखालचे पिनकोडचे सहा आकडेसुद्धा बोलतात. ते आले १५ ऑगस्ट १९७२ पासून, आणि ती पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १९७३ साली दिल्लीत भरलेल्या जागतिक तिकीट प्रदर्शनाचे अध्यक्षही तेच होते. पाकिटावर पिन नसेल तर ते बहुधा त्याआधीचं, एवढा अंदाज करता येतो.

मला हे फार उशिरा कळलं. माझ्या आजोबांकडे पत्र्याच्या पेटीत तीसेक वर्षांची पत्रं होती. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका दुपारी त्या पेटीतल्या सगळ्या पाकिटांवरची तिकिटं कापली, भिजवली आणि कोपरा गेलेली पाकिटं बंबात घातली. पत्रं तेवढी परत पेटीत ठेवली. कुणी रागावलं नाही; पाकिटाला कोण विचारतं?

त्या पेटीत आजोबांच्या बहिणीने गुहागरहून लिहिलेलं एक पत्र आहे. तेव्हा आजी बाळंतपणाला माहेरी, त्याच गावात होती. ‘कन्यारत्न झाले, उभयता सुखरूप आहेत, पाऊस काल लागला, होडी बंद झाली तरी काळजी नसावी.’ वरती उजव्या हाताला लिहिलंय, ज्येष्ठ शुद्ध नवमी. साल नाही, वार नाही. ती मुलगी म्हणजे माझी धाकटी आत्या. तिच्या शाळेच्या दाखल्यावर, तेव्हाच्या कितीतरी मुलांच्या दाखल्यावर असते तशी, १ जून ही गुरुजींनी घातलेली तारीख आहे, आणि साल आजोबांनी अंदाजाने सांगितलेलं. मागच्या वर्षी आत्याने मला विचारलं, तुझ्याकडे जुनं काही आहे का, मला एकदा माझा खरा वाढदिवस करायचाय.

तिथी पत्रात आहे. साल शिक्क्यात होतं. त्या पेटीतून मी कापलेल्या तिकिटांत दोन आण्यांची लाल नटराजाची तिकिटं सर्वांत जास्त होती. साध्या पत्राला तेव्हा तीच लागत. अल्बमच्या सातव्या पानावर ती अकरा आहेत, दोन ओळींत नीट लावलेली. भिंगाखाली एकावर गावाच्या नावाच्या जागी ‘RAT’ ही पुसट तीन अक्षरं दिसतात, एकावर नुसता ‘५’, एकावर ‘जून’ असावा असं वाटणारा काळा डाग. बाकीच्यांवर वर्तुळाचा चतकोर. आत्याला मी ते पान दाखवलं. तिने चष्मा कपाळावर सरकवून, वही डोळ्यांजवळ नेऊन अकराही तिकिटं एकेक करून बघितली आणि म्हणाली, यातलं एक माझं आहे ना?